बाटली नवी, कागद जुना: शाळेच्या प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या सुरक्षा नोंदी कशा सांभाळता?

निळा_लिटमस

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आधीचे सर मेअखेर निवृत्त झाले आणि जूनमध्ये प्रयोगशाळेचा चार्ज माझ्याकडे आला. चार्ज म्हणजे काय, तर किल्ल्यांचा एक जुडगा, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही, उपभोग्य वस्तूंची नोंदवही आणि "सगळं आहे त्यात, बघून घ्या मॅडम" एवढं एक वाक्य.

गेल्या आठवड्यात बारावीच्या बॅचची तयारी चालू होती. आमचे परिचर मामा (२२ वर्षं याच खोलीत आहेत) तीव्र नायट्रिक आम्ल मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत ओतत होते. दोन थेंब मनगटावर उडाले. मामांनी बाटली खाली ठेवली, बूच लावलं आणि मग नळाखाली हात धरला. मी काय केलं? मी 'एमएसडीएस फाइल', म्हणजे रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकांची फाइल, शोधायला धावले. फाइल मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, कुलपात. कारण "इन्स्पेक्शनला तीच मागतात". किल्ली सापडून फाइल हातात येईपर्यंत मामांचा हात धुऊन, पुसून झाला होता. कातडी पिवळी पडली, बाकी निभावलं.

आता हातात आलीच आहे म्हणून फाइल वाचायला बसले. २०११ मधल्या ४१ छापील पत्रकांपैकी १४ रसायनं आमच्याकडे नाहीतच. त्यात बेंझिनही आहे, ते कुणी कधी आणलं होतं देव जाणे. उलट कपाटात ६८ बाटल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्यांना पत्रक नाही. सगळ्यात कहर सल्फ्युरिक आम्लाचा. पत्रक ९८ टक्क्यांच्या आम्लाचं, आणि बाटलीतला माल चक्क बॅटरीचं पाणी. कोविडनंतर शाळा उघडली तेव्हा पुरवठादाराकडून माल येईना, म्हणून कुणीतरी गॅरेजमधून आणून जुन्याच बाटलीत भरलं होतं. हे मामांना माहीत, कागदाला नाही.

तर प्रश्न असे: जुनी एमएसडीएस चालतात का? कायदा नेमका काय म्हणतो? आणि मुख्य म्हणजे, एकदा सगळं नीट केलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा हीच गत होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

काळा_फळा

आमच्याकडे नोंदवही अगदी अद्ययावत असते. तपासणीच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने, वर्षभराच्या नोंदी. शाईचा रंगसुद्धा बदलत नाही.

जुना_पिपेट

ताई, फाइल मिटवा आणि कपाट उघडा. मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. माझा अनुभव असा की फाइलवरून बाटल्या शोधायला गेलात तर फाइलमध्ये नसलेली बाटली तुम्हाला कधीच दिसणार नाही. आणि घात नेमका तिथेच असतो.

एका दिवशी एकच फळी घ्या. माणसं दोन: एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. लेबलवर जे आहे तेच उतरवायचं, आपल्या मनाने दुरुस्ती नाही. नाव, कंपनी, ग्रेड, तीव्रता, उत्पादन क्रमांक, बॅच, अंदाजे किती शिल्लक, बूच कसं आहे, तारीख असेल तर तारीख. लेबल नसेल तर 'लेबल नाही, पांढरी भुकटी, अर्धी बाटली' असं लिहा आणि पुढे चला. वास घेऊन ओळखायच्या भानगडीत पडू नका. आमच्या पिढीने ते केलं, आज नाकाने गुलाब ओळखता येत नाही.

अडकलेलं बूच ओढायचं नाही. आणि ही एक गोष्ट नीट ऐका: जीवशास्त्राच्या कपाटातही बघा. तिथे बोइन्सचं द्रावण (त्यात पिक्रिक आम्ल असतं) किंवा नुसतं पिक्रिक आम्ल असू शकतं, पिवळं धमक. ते कायम ओलं ठेवायचं असतं. सुकलं की ते स्फोटक होतं, आणि धातूच्या झाकणाशी त्याची जी मिठं होतात ती आणखी वाईट. सुकलेलं दिसलं तर बाटली हलवायची नाही, झाकण फिरवायचं नाही. खोलीला कुलूप, मुख्याध्यापकांना निरोप आणि त्यांच्यामार्फत पोलिसांना. शाळेत बॉम्बशोधक पथक आलं तर बदनामी होईल म्हणून लोक गप्प बसतात. बसू नका.

लेबलबद्दल एक. बॉलपेनची शाई आम्लाच्या वाफेने दोन पावसाळ्यात उडते. शिसपेन्सिल टिकते. वरून मेणबत्तीचं मेण पातळ फासायचं किंवा रुंद सेलोटेप. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल व अमोनिया एकाच कपाटात ठेवलेत तर सगळ्या बाटल्यांवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसेल. ती बुरशी नव्हे, नवसागर आहे. त्याखाली लेबलं गुदमरतात.

सोळावं_पान

मी तारापूरला औद्योगिक सुरक्षेत आहे, त्यामुळे 'पत्रक' हा रोजच्या खाण्यातला विषय.

जुनी एमएसडीएस आणि आताची एसडीएस यात फरक नुसत्या नावाचा नाही. संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरणाची जागतिक पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पत्रकाचे १६ विभाग ठरलेल्या क्रमाने येतात. ती पद्धत पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीचं पत्रक घ्या, ४ थ्या विभागात प्रथमोपचारच सापडणार. जुन्यात प्रत्येकाची आपापली रचना, म्हणजे ऐनवेळी पानं उलटत बसा. लाल किनारीच्या चौकटीतली नऊ चित्रंही याच पद्धतीतली. तुमच्या बाटल्यांवर नारिंगी चौकोनात काळी फुली दिसली तर ते लेबल त्याआधीच्या युरोपीय पद्धतीचं, म्हणजे बाटलीचं वय आपोआप कळलं.

शाळेला १६ ही विभाग तोंडपाठ करायची गरज नाही. २ (धोका काय), ४ (प्रथमोपचार), ६ (सांडलं तर), ७ (साठवण), ८ (हातमोजे कोणते), १० (कशाशी जमत नाही) आणि १३ (विल्हेवाट) एवढे वाचा.

आता 'तीन वर्षांनी पत्रक बाद होतं' ही जी समजूत आहे, ती सरसकट खरी नाही. ऑस्ट्रेलियात उत्पादकाने निदान ५ वर्षांनी फेरतपासणी करायची असते, अमेरिकेत महत्त्वाची नवी माहिती मिळाली की ३ महिन्यांत पत्रक बदलायचं असतं. दूध पिशवीसारखी एकच तारीख सगळीकडे लागू नाही. तुम्ही बघायची ती 'आवृत्ती' किंवा 'सुधारणा' दिनांक. तळाशी असतो तो 'छपाई' दिनांक, तो तुम्ही प्रिंटचं बटण दाबलं तो दिवस. निम्मी जनता इथे फसते. पत्रक काल छापलंय म्हणून नवं होत नाही.

आणि जुळवायचं ते नाव नव्हे, सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट, एका मात्रेचा खेळ. पहिल्याचा क्रमांक ७६३१-९९-४, दुसऱ्याचा ७६३२-००-०. दुसरं पोटात गेलं तर विषारी. क्रमांक बरोबर उतरवला का हे तपासायची युक्ती: शेवटचा आकडा बाजूला ठेवा, उरलेले उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा आणि बेरीज करा. बेरजेचा एकक म्हणजे तो बाजूला ठेवलेला आकडा. नायट्रेटची बेरीज ११४ येते, शेवटी ४. दहावीच्या पोरांना द्या करायला, मजा येते त्यांना.

कायद्याचं म्हणाल तर धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीचे १९८९ चे नियम उद्योगांना डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. त्यातला माहितीपत्रकाचा नमुनाही जुना आहे, १६ विभागांचा नव्हे. त्यामुळे शाळेत 'कायद्यात कुठे लिहिलंय' असं कुणी विचारलं की पंचाईत होते. मी म्हणेन, मामांच्या मनगटावर लिहिलंय.

निळा_लिटमस

@सोळावं_पान, आत्ता फाइल उघडून बघितली. आमच्या ४१ पैकी ३० पत्रकांवर नुसता छपाईचा दिनांक आहे, आणि आधीच्या सरांनी त्यालाच लाल शाईने गोल करून 'अद्ययावत' लिहिलंय. मी पण तेच समजत होते.

वैतागवाडीकर

धागा छान, प्रतिसाद छान, पण जरा जमिनीवर या मंडळी. संच मान्यतेत आमचं प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद गेलं. परिचर एक, तोच घंटा देतो, तोच टपाल आणतो. मी मतदार यादीचं काम करतो, यू-डायसची माहिती भरतो, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो, मधल्या वेळात विज्ञान शिकवतो. ६८ बाटल्या गुणिले आठ-दहा पानं म्हणजे सहाशेवर पानं छापायची. वेतनेतर अनुदान कधी येतं आणि किती येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीतले साहेब सांगतात ते कंपनीत ठीक, तिथे या कामाला पगारी माणूस असतो.

जुना_पिपेट

वैतागवाडीकर, तुमचं खरं आहे, पण तुम्ही गणिताची चुकीची बाजू धरलीत. पानं कमी करू नका, बाटल्या कमी करा. ६८ बाटल्यांतल्या प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाला किती लागतात ते मोजा. मी निवृत्तीआधी मोजलं होतं: आमच्याकडे ९० च्या वर बाटल्या, आणि अकरावी-बारावीच्या जर्नलप्रमाणे सगळं करूनही ४० च्या आत भागत होतं. बाकीच्या बाटल्या 'कधीतरी लागेल' म्हणून. पोटॅशियम डायक्रोमेट ५०० ग्रॅम घेतलेलं, वर्षाला ५ ग्रॅम लागतं. करा हिशोब, शंभर वर्षांची सोय! आणि ते कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे.

अवांतर: रसायनं जडसंग्रह नोंदवहीत चढवू नका. काही शाळांत उत्साहाने चढवतात आणि मग निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकण्याची) परवानगी मिळेपर्यंत ती बाटली जागची हलवता येत नाही. ती उपभोग्य वस्तू आहे, उपभोग्य नोंदवहीतच राहू द्या.

टेम्सकाठची_तांबडी_मुंगी

मी लंडनजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत सायन्स टेक्निशियन आहे (मूळ गाव चिपळूण). इथे टेक्निशियनची स्वतंत्र जागा असते, हे आधीच कबूल करते, म्हणजे वैतागवाडीकर माझ्यावर चिडणार नाहीत.

इथे शाळा कंपनीचं पत्रक फारसं वाचतच नाहीत. क्लीप्स नावाची सल्लागार संस्था आहे, तिने शाळेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक रसायनाचं कार्ड केलेलं आहे, त्याला हॅझकार्ड म्हणतात. कार्डाचा गुण असा की ते तीव्रतेनुसार बोलतं. कंपनीचं पत्रक बाटलीतल्या तीव्र मालाचं असतं, पण मुलांच्या हातात जातं ते तुम्ही पातळ केलेलं द्रावण. कॉस्टिक सोड्याचं २ टक्क्यांच्या वरचं, म्हणजे साधारण अर्ध्या मोलरपासूनचं द्रावण कातडी जाळणाऱ्या गटात मोजतात, त्याखाली ते नुसतं चुरचुरणाऱ्या गटात. बाटली दिसायला तीच. म्हणून तुमच्या नोंदीत 'प्रयोगशाळेत तयार केलेली द्रावणं' असा वेगळा भाग हवाच. त्यांना कुठलीच कंपनी पत्रक देणार नाही. नाव, तीव्रता, तारीख, कुणी केलं. चारच गोष्टी.

काही द्रावणं तर ठेवायचीच नाहीत. टॉलेन्सचं, म्हणजे अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, त्याच दिवशी करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. ठेवलं तर त्यातून स्फोटक साका बसतो. चांदीचा आरसा छान आला म्हणून उरलेलं उद्याच्या बॅचला ठेवू, हा मोह फार होतो.

आणि २०१६ ची गोष्ट. अल्डिहाइड-कीटोन ओळखायला २,४-डीएनपी वापरतात ना? ते सुकलं तर स्फोटक होऊ शकतं, म्हणून ओलसर ठेवायचं असतं. त्या वर्षी इथे सगळ्या शाळांना सूचना गेली की तुमची बाटली तपासा. आणि पुढे शेकडो शाळांत लष्कराची बॉम्बनाशक पथकं जाऊन आली. ती बाटली सगळ्यांच्या यादीत होती हो! पण 'शेवटची ओली केली' ही तारीख यादीत नव्हती. आमच्या यादीत तेव्हापासून त्या ओळीपुढे दर सहामाहीची सही आहे.

निळा_लिटमस

@तांबडी_मुंगी, बारावीच्या क्रियात्मक गट चाचणीत आमच्याकडेही हेच वापरतात. उद्या सकाळी पहिलं काम ते. हात न लावता, नुसतं बघणार.

कृष्णाकाठ

आमची शाळा पलूसकडची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा प्रयोगशाळेत कमरेएवढं होतं. पाणी ओसरल्यावर गेलो तर खालच्या दोन फळ्यांवरच्या बाटल्या शाबूत, बुचं घट्ट, पण एकीवरही लेबल नाही. सगळी लेबलं गाळात, लगदा होऊन. नोंदवही खालच्या खणात होती, तीही गेली. संगणकातली यादी? संगणक टेबलाखाली. पंचवीस बाटल्या, काय आहे कुणाला माहीत नाही. सगळ्या टाकाव्या लागल्या, आणि टाकणं हे विकत घेण्यापेक्षा अवघड निघालं.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. बाटलीच्या काचेवर हिरकणीच्या पेनाने नुसता क्रमांक कोरतो, ७ म्हणजे ७. क्रमांकाला पाणी लागत नाही. दर फळीचा मोबाइलवर फोटो, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, मुख्याध्यापकांच्या आणि माझ्या अशा दोन ठिकाणी ठेवलेला. आणि सोडियमची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर. ती आधी सगळ्यात खाली होती, रॉकेलमध्ये. त्या वर्षी बूच पक्कं होतं म्हणून वाचलो, नाहीतर पुराच्या पाण्यात सोडियम म्हणजे विचारूच नका.

वऱ्हाडी_उन्हाळा

पूर तुमच्याकडे, ऊन आमच्याकडे. अकोल्याला मेमध्ये ४५ अंश म्हणजे नेहमीचंच, आणि शाळेच्या बंद खोलीत पंखाही नाही. इथरचा उत्कलनबिंदू ३४.६. म्हणजे सुट्टीभर ते बाटलीत उकळायच्या बेतात बसलेलं असते. तीव्र अमोनियाचंही तसंच, जूनमध्ये बूच काढलं की फवारा थेट तोंडावर. पहिले बाटली थंड पाण्यात ठेवावी लागते. आणि पत्रकात काय लिहिलंय? 'थंड जागी ठेवा'. कुठं, माठात?

चेष्टा नाही करत. पत्रकातला ७ वा विभाग आपल्या खोलीला लावून बघावा लागतो. आम्ही ठरवलं की इथर घ्यायचंच नाही. हॅलाइडच्या थर चाचणीला कार्बन डायसल्फाइड वापरायचे, तेही बंद. त्याची वाफ ठिणगीने पेटायला उणे ३० अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं राजा, आणि आपण बाजूला बर्नर पेटवून बसतो. नोंदवहीत एक रकाना वाढवला: 'उन्हाळ्याआधी पाहिलं'. १५ एप्रिलच्या आसपास फेरी. इथरची जुनी उघडलेली बाटली कुणाकडे असेल तर आणखी एक: हवा लागून त्यात पेरॉक्साइड बनतात, म्हणून 'उघडल्याची तारीख' बाटलीवरच पाहिजे. आल्याची नाही, उघडल्याची.

खुर्चीतला_मास्तर

मी मुख्याध्यापक आहे, त्यामुळे फाइल कुलपात ठेवणाऱ्यांच्या वतीने बोलतो. आम्ही ती लपवत नाही, हरवू नये म्हणून ठेवतो. पण मुद्दा मान्य. मूळ प्रत प्रयोगशाळेत, छायाप्रत माझ्याकडे, असं उलटं करायला हवं.

कायद्याबद्दल कुणी आम्लाचा विषय काढला नाही म्हणून लिहितो. आम्लहल्ल्यांच्या संदर्भात लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी जे निर्देश दिले, त्यात शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ल ठेवणाऱ्या संस्थेने वापराची नोंदवही ठेवायची, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे (आपल्या भाषेत प्रांतसाहेब) सादर करायची, आम्लाचा ताबा एका ठरावीक व्यक्तीच्या जबाबदारीवर द्यायचा, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची, कर्मचाऱ्यांची तपासणी करायची. निर्देश मोडले तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तेव्हा निळा_लिटमसताई, चार्ज तुमच्याकडे आला म्हणजे ही जबाबदारीही नावानिशी तुमच्याकडे आली का, ते लेखी करून घ्या. आधीच्या सरांचंच नाव अजून तिथे असेल, मी पैजेवर सांगतो.

आणि ते बॅटरीचं पाणी नोंदवहीत 'सल्फ्युरिक आम्ल तीव्र' म्हणून चढलं असेल तर नोंद चुकीची आहे. ते साधारण ३३ ते ३७ टक्के असतं. म्हणजे तीव्रही नाही आणि प्रयोगाला चालेल इतकं सौम्यही नाही.

निळा_लिटमस

@खुर्चीतला_मास्तर, पैज जिंकलात. सरांचंच नाव आहे. सर सध्या पुण्याला नातवाकडे.

इथवरचं सगळं वाचून मी मामांसाठी मराठीत एकपानी कार्ड करायला घेतलंय. नायट्रिकचं पहिलं. बघून सांगा:

*बाटली ११. तीव्र नायट्रिक आम्ल. दाहक. ज्वलनास साहाय्यक. त्वचेशी संपर्क टाळावा. संपर्क झाल्यास १५ मिनिटे पाण्याने प्रक्षालन करावे. विसंगत पदार्थांपासून पृथक ठेवावे.*

काळा_फळा

प्रक्षालन! मामा पूजा मांडून बसतील.

सोळावं_पान

घरी केलेल्या भाषांतराला माझा थोडा विरोध आहे. 'दाहक' म्हटलं की दहापैकी सहा जणांना वाटतं पेट घेणारं. 'ज्वलनशील' आणि 'ज्वालाग्राही' यातला फरक तर लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आमच्या कारखान्यात एका फलकावर ऑक्सिडायझरला (म्हणजे दुसऱ्याला पेटायला मदत करणाऱ्या पदार्थाला) 'ज्वलनशील' लिहिलं होतं, आणि लोक ते ठिणगीपासून जपायचे पण लाकडी फळीवर ठेवायचे. मूळ पत्रक सोबत असलंच पाहिजे.

जुना_पिपेट

सोबत असू द्या, पण सोबतच. भिंतीवर मामांची भाषा हवी. ताई, तुम्ही लिहू नका. मामांना विचारा, ते सांगतील ते लिहा, आणि मग पत्रकाशी ताडून बघा.

निळा_लिटमस

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते आहे, कारण बरंच झालं.

फळीवार यादी झाली. डीएनपीची बाटली ओलसर निघाली, देवाची कृपा. पिक्रिक नव्हतं. ६८ पैकी १९ बाटल्या वेगळ्या केल्या. त्यातल्या काही बंद आणि चांगल्या होत्या, त्या शहरातल्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायन विभागाने रीतसर पत्र घेऊन ताब्यात घेतल्या. उरल्या सात: फुटक्या तापमापीतून जमलेला पारा, नेसलरचं द्रावण (त्यातही पारा), बॅटरीचं पाणी, दोन लेबल नसलेल्या, आणि शिशाची दोन मिठं. त्या लाल पट्टी लावून वेगळ्या खोक्यात, 'वापरायच्या नाहीत' म्हणून. नाल्यात ओतायच्या नाहीत एवढं ठरलंय, त्यापुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र गेलंय. उत्तर आलं की सांगेन.

उरलेल्या ४९ ची पत्रकं त्या त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उत्पादन क्रमांक टाकून उतरवली. सगळी छापली नाहीत, वैतागवाडीकर. ज्यांच्यावर कवटी, आम्लाचं चित्र, स्फोट किंवा छातीत चांदणी असलेला माणूस आहे, तेवढीच पूर्ण छापली. ती २१ निघाली. बाकीची पेन ड्राइव्हमध्ये आणि प्रत्येकाचं पहिलं पान फाइलमध्ये.

पुन्हा शिळं होऊ नये म्हणून वर्षाचा मुहूर्त ठेवलेलाच नाही. चार प्रसंग ठरवलेत. नवी बाटली आली की पत्रक तपासल्याशिवाय नोंदवहीत चढवायची नाही, आणि पुरवठ्याच्या आदेशातच 'पत्रकासह' लिहायचं. बाटली संपली की त्याच दिवशी पत्रक फाइलमधून बाहेर, मागच्या कप्प्यात. कंपनी किंवा तीव्रता बदलली की जुनं पत्रक रद्द. आणि चार्ज बदलला की दोघांनी फळीसमोर उभं राहून सह्या. नुसत्या जुडग्यावर चार्ज नाही. जुनं पत्रक फाडत नाही, त्यावर आडवी रेघ मारून तारीख टाकते, कारण उद्या कुणाला काही त्रास निघाला तर तेव्हा बाटलीत काय होतं हे कळायला हवं.

आता मामांचं कार्ड. मी विचारत गेले, ते सांगत गेले, मी पत्रकाशी ताडलं:

*बाटली ११. घट्ट नायट्रिक.*
*कातडी, डोळा, कापड खातं. स्वतः पेटत नाही, पण लाकूड, कागद, स्पिरिट पेटवतं.*
*स्पिरिट, अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या फळीवर ठेवू नये.*
*तपकिरी धूर निघाला तर सगळ्यांनी बाहेर. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं.*
*अंगावर पडलं तर आधी नळ, मग बाकी सगळं. सोडा किंवा चुना चोळायचा नाही. १५ मिनिटं पाणी.*
*सांडलं तर भुसा टाकायचा नाही. कोरडी वाळू.*

यातलं 'आधी नळ, मग बाकी सगळं' माझं. त्यावर मामा हसले, कारण त्या दिवशी त्यांनी आधी बूच लावलं होतं. म्हणाले, "बूच नसतं लावलं तर पोरांनी धक्का मारला असता मॅडम." मग आम्ही तिथे एक ओळ वाढवली: *शेजारच्याने बूच लावावं.*

भुशाचं कलम बघून ते गप्प झाले. इतकी वर्षं सांडलं की भुसाच टाकत आलो म्हणाले. दाराशी पोतं आहे भुशाचं, अजून.

शेवटी १५ मिनिटांवर गाडी अडली. मामा म्हणाले, "१५ मिनिटं पाणी कुठून आणू? आपल्याकडे एक दिवसाआड पाणी. वरच्या पिंपात २०० लिटर, सकाळच्या बॅचला परीक्षानळ्या धुण्यातच निम्मं जातं." मी बादली लावून मोजलं. आमचा नळ मिनिटाला ७ लिटर सोडतो. १५ मिनिटांना १०५ लिटर. दुपारच्या बॅचला पिंपात तेवढं नसतंच. पत्रकात दोनदा, कार्डात एकदा '१५ मिनिटं' लिहिलेलं, आणि नळ चौदा मिनिटांत कोरडा पडणार.

तर आता पिंपाला बाहेरून लाल रंगाची रेघ आहे. तिच्याखाली पाणी असेल तर आम्लाची बॅच नाही, त्या दिवशी क्षारांच्या कोरड्या चाचण्या. रोज सकाळी रेघ बघून मामा नोंदवहीत सही करतात.

वैतागवाडीकर

आमच्या शाळेत पिंपच नाही, थेट नळ आहे. उद्या मोजतो.

जुना_पिपेट

ताई, रेघ झकास. पण नळ कुठे आहे? बेसिनवरच्या उंच वाकड्या तोटीखाली हात धरता येतो, डोळा धरता येत नाही. रबरी नळी आहे का जोडलेली? आणि ती शेवटची कधी बदलली?

निळा_लिटमस

नळी आहे. कधी बदलली ते मामांना विचारते. त्यांनी "बघा हात लावून" म्हटलं तर समजा कडक झालीये.